निदानाआधीं निकाल

रोग्याची नाडी पाहिल्यावांचून वैद्यानें औषध देऊं नये, हें तत्त्व सर्वांस मान्य आहे. परंतु यंत्रांच्या बाबतींत आपण तें सहज विसरतों. गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका वृद्ध स्नेह्यांची स्वयंचलित गिअरची मोटार अकस्मात् एकाच गिअरमध्यें अडकून बसली. एका वर्कशॉपांत तपासणीचें यंत्र जोडून कोड वाचण्यांत आला, आणि संपूर्ण गिअरबॉक्स बदलावा लागेल, असा निकाल पांच मिनिटांत मिळाला. खर्चाचा आंकडा त्यांच्या कित्येक महिन्यांच्या पेन्शनीइतका होता. सुदैवानें दुसऱ्या एका मिस्त्र्यानें गाडीखालीं निजून वायरींचा जोड उघडून पाहिला. आंत पाणी शिरून टोंकांवर हिरवा कळंक चढला होता. तो साफ करून जोड कोरडा करतांच गाडी पूर्ववत् चालूं लागली.

ह्यावरून आमचें असें मत झालें आहे कीं, कोड ही केवळ एक साक्ष होय. तेवढ्यावरून शिक्षा ठोठावणें हा अन्याय आहे.

शिफ्ट सॉलेनॉइड म्हणजे तांब्याच्या तारेचें वेटोळें व त्यांत सरकणारा लोखंडी दांडा. वीज मिळतांच दांडा सरकतो, तेलाची वाट उघडते अथवा मिटते, आणि तेलाच्या दाबानें गिअर बदलतो. पी ०७५३ हा कोड 'अ' सॉलेनॉइडच्या विद्युन्मंडलांत बिघाड आहे, एवढेंच सांगतो. त्या मंडलांत वेटोळें आहे, वायर आहे, जोड आहे, आणि आज्ञा देणारा संगणकही आहे. ह्या चौघांपैकीं अपराधी कोण, तें आपणच शोधावयाचें असतें.

शोध कसा करावा? प्रत्येक गिअरबॉक्सची रचना निराळी असल्यामुळें एकच प्रसिद्ध उदाहरण घेतों. जनरल मोटर्स कंपनीचा ४ एल ६० ई हा चार गिअरांचा गिअरबॉक्स १९९० नंतरच्या दशकांत अनेक अमेरिकन गाड्यांत बसविलेला होता. त्यांत 'अ' व 'ब' असे दोन शिफ्ट सॉलेनॉइड असतात. पहिल्या गिअरांत दोन्हीं चालू. दुसऱ्यांत 'अ' बंद व 'ब' चालू. तिसऱ्यांत दोन्हीं बंद. चौथ्यांत 'अ' चालू व 'ब' बंद. आतां विद्यार्थ्यांनीं हें कोष्टक कागदावर मांडून पाहावें. 'अ' बंद स्थितींत अडकला, तर गाडी अनुक्रमें दुसरा, दुसरा, तिसरा, तिसरा असे गिअर देईल. तोच चालू स्थितींत अडकला, तर पहिला, पहिला, चौथा, चौथा. दोहोंसही वीज न मिळाली, तर गाडी तिसऱ्यांतच राहील. म्हणजे एकही स्क्रू न काढतां, केवळ गाडी चालवून व विचार करून, संशय योग्य ठिकाणीं नेतां येतो.

त्यानंतर क्रमानें पुढें जावें. प्रथम तेलाची पातळी, रंग व वास पाहावा. जळकट वास आल्यास दुखणें अधिक खोल असण्याचा संभव आहे. मग वायरी व जोड तपासावे. मग मल्टिमीटरनें वेटोळ्याचा रोध मोजून त्या गाडीच्या पुस्तिकेंतील आंकड्याशीं ताडावा. तो २४ ओहम भरला, तर १२ व्होल्टांवर अर्धा अँपिअर प्रवाह वाहील, हें ओहमच्या नियमानें शाळकरी मुलासही सांगतां येईल. रोध अमर्याद दिसल्यास तार तुटली आहे. फारच कमी दिसल्यास वेटोळें आंत चिकटलें आहे. कांहीं वेटोळीं थंड असतां ठीक असतात व तापल्यावर दगा देतात. म्हणून मोजणी दोन्हीं वेळां करावी. वीज देतांच 'टिक्' असा आवाज आला, म्हणजे दांडा हलला एवढेंच सिद्ध झालें; कचऱ्यानें तेलाची वाट तुंबलेली असूं शकते. आणि सॉलेनॉइडच खरोखर निकामी ठरला, तरी ह्या गिअरबॉक्समध्यें तो तेलाचें खालचें पात्र व गाळणी काढून बदलतां येतो. गिअरबॉक्स उतरविण्याचें कारण नसतें.

ह्यावर कोणी म्हणतील, "एवढा वेळ कोणास आहे? गिऱ्हाइकांनाच घाई असते." तें खोटें नाहीं. तपासणीच्या श्रमाचे पैसे देण्यास आपण कुरकुरतों, व नव्या भागाचे पैसे मुकाट्यानें मोजतों. ही संवय आपणच सोडली पाहिजे.

मिस्त्र्यांस नांवें ठेवण्यापूर्वीं आम्हां शिक्षकांनींही स्वतःकडे पाहावें. मागच्या बांकावरील एका मुलास आम्हीं त्याच्या गुणांवरून वर्षभर मठ्ठ समजत होतों. त्याला फळ्यावरचें दिसत नव्हतें, हें चष्मा आल्यावर कळलें. आम्हीं कोड वाचला होता. जोड उघडून पाहिला नव्हता. त्या मुलाचें तें वर्ष आम्हांस परत देतां आलें नाहीं.