आमचं विमान आणि तुमचे शनिवार

संपादक मंडळाची मेल आली : "यंदा स्मरणिकेसाठी तुमच्या त्या विमानाच्या छंदाबद्दल काहीतरी हलकंफुलकं लिहा." विमान हलकं आहे यात शंका नाही. रिकामं असताना साधारण हजार पौंड भरतं. लेख मात्र तितका हलका होणार नाही आणि तो वाचून काही मंडळी पुढच्या गणपतीत आरतीला माझ्याकडे पाठ करून उभी राहतील, हे धरूनच लिहायला बसलो आहे.

आधी थोडी माहिती. ओहायोतल्या आमच्या गावाबाहेर मक्याच्या शेतांमध्ये एक लहानसा विमानतळ आहे आणि तिथे एक फ्लाइंग क्लब. 2019 साली क्लबातल्या आम्ही आठ जणांनी पैसे एकत्र करून आरव्ही-9ए या विमानाचं किट मागवलं. दोघांनी शेजारी शेजारी बसायचं, ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं विमान. किट म्हणजे आयकियाचं कपाट नव्हे. ते टप्प्याटप्प्याने येतं. आधी शेपूट, मग पंख, मग धड, मग उरलेलं सगळं. पत्र्याला भोकं पाडलेली असतात. पण प्रत्येक भोकाची कड साफ करायची, पत्रे क्लिको नावाच्या चिमट्यांनी तात्पुरते जोडायचे, पुन्हा सुटे करायचे, प्रायमर मारायचा, परत जोडायचे आणि मग रिबिटं मारायची. हजारो! एकाने बाहेरून हवेवर चालणारी गन धरायची, दुसऱ्याने आतून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. पाच वर्षं आमचे शनिवार असे गेले. शेवटी तपासनीसाने एकेक झाकण उघडून सगळं पाहिलं आणि 2024 च्या जूनमध्ये ते उडालं. त्यानंतर 40 तास ठरवून दिलेल्या हद्दीत, प्रवासी न घेता चाचणी. आता ते व्यवस्थित उडतं. माझ्या वाट्याचा खर्च एका बऱ्यापैकी वापरलेल्या गाडीइतका आला. आपल्यातल्या काहींनी तळघरातल्या होम थिएटरवर याहून जास्त घातले आहेत, तेव्हा "तुम्हाला परवडतं बुवा" हा मुद्दा इथेच निकालात काढतो.

या विमानांसाठी इथल्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनचा एक वेगळा वर्ग आहे. त्याची अट अशी की विमानाचा मोठा भाग (बोलताना सगळे '51 टक्के' म्हणतात) हौशी माणसांनी स्वतः बांधलेला हवा आणि तो केवळ स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी. हे नियमात लिहिलेलं आहे, बरं का! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. मास्टर्ससाठी या देशात आलो तेव्हापासून मी जे काही शिकलो ते नोकरीसाठी, व्हिसासाठी नाहीतर बढतीसाठी. 'स्वतःच्या शिक्षणासाठी' हे शब्द मला चाळिशीत एका सरकारी नियमात भेटले.

आता मूळ तक्रार.

2021 च्या दिवाळी कार्यक्रमात, नाट्यप्रवेश आणि जेवण यांच्या मधल्या पाच मिनिटांत, मी माइकवरून सांगितलं की पंखांचं काम चालू आहे, बारा वर्षांवरच्या मुलामुलींनी आईला किंवा वडिलांना घेऊन शनिवारी सकाळी हँगरमध्ये यावं. चौदा नावं आली. मी हुरळून गेलो. पहिल्या शनिवारी नऊ मुलं आली, दुसऱ्या शनिवारी चार, तिसऱ्या शनिवारी दोन. त्यातली एक मुलगी, तेव्हा आठवीत, सलग सात शनिवार आली. आमच्यातल्या दंतवैद्याने पंखाची एक बरगडी उलटी बसवली होती. आम्हा सात प्रौढांना ती दिसली नाही, तिने रिबिटं मारण्याच्या आधी हेरली. आठव्या शनिवारी तिच्या वडिलांचा फोन आला, "अहो, तिचा मॅथ कॉम्पिटिशनचा क्लास शनिवारीच आलाय. आणि खरं सांगू का, तुमच्या याचं सर्टिफिकेट वगैरे काही नसतं ना?"

नसतं. बाकीच्यांचे प्रश्नही असेच होते. "याचे व्हॉलंटिअर अवर्स धरतात का?" "कॉलेजच्या अर्जात याला काय म्हणायचं?" एक वहिनी हसत हसत म्हणाल्या, "मुलांना मेकॅनिक थोडंच करायचंय, भाऊजी!" हसत म्हणाल्या म्हणून ते कमी लागलं असं नाही.

आणि याच विमानतळावर पुढच्या उन्हाळ्यात काय झालं? 'यंग ईगल्स' नावाचा एक छान कार्यक्रम आहे. 1992 पासून चालू आहे. 8 ते 17 वयाच्या मुलांना हौशी वैमानिक फुकटात एक फेरी मारून आणतात. त्या दिवशी आपल्या मंडळाची एकतीस मुलं रांगेत उभी होती. आजी-आजोबांसकट, कॅमेऱ्यांसकट, डब्यातल्या इडल्यांसकट. बसायला एकतीस, बांधायला दोन.

"धोका असतो हो," असं काही जण म्हणतात. त्याचं उत्तर प्रामाणिकपणे दिलं पाहिजे. उडण्यात धोका आहेच. 2012 साली नॅशनल ट्रान्सपोर्टेशन सेफ्टी बोर्डाने घरी बांधलेल्या विमानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खाजगी आणि लहान विमानांच्या ताफ्यात ही विमानं सुमारे 10 टक्के, पण 2011 मधल्या प्राणघातक अपघातांत त्यांचा वाटा 21 टक्के. हा आकडा मी क्लबात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. आमच्या विमानाच्या आत प्रवाशाला दिसेल अशी पाटी आहे, की हे हौशी लोकांनी बांधलेलं आहे आणि नेहमीच्या विमानांचे सुरक्षेचे निकष याला लागू नाहीत. माझी बायको ती पाटी वाचून, माझ्याकडे एकदा बघून मग बसली. पण मंडळी, मी तुमच्या मुलांना उडायला बोलावलंच नव्हतं! कानस धरायला बोलावलं होतं. 2023 मध्ये मंडळातर्फे हँगरमध्ये एक दिवस ठेवावा असा अर्ज मी केला, तो कार्यकारिणीने विम्याचं कारण देऊन फेटाळला. त्याच महिन्यात मंडळाची स्की ट्रिप निघाली होती आणि त्यात दोघांची हाडं मोडली.

धोका हे खरं कारण नाहीच. खरं कारण वहिनींनी सांगितलं. हाताने काम करणारा तो खालचा, ही समजूत आपण येताना बॅगेत घालून आणली आणि कस्टम्सला दाखवली नाही. गावात सुताराला, लोहाराला ओसरीच्या कुठल्या बाजूला बसवायचे हे आपल्या आजोबांना पक्कं ठाऊक होतं. आपण इथे ओसरी ठेवली नाही, पण बसवायची जागा ठेवली. घरी प्लंबर आला की आपल्याला तो तासाचे किती डॉलर घेतो तेवढंच दिसतं. आमच्या क्लबात आठ जण आहेत आणि त्यांत सर्वांत मान आहे तो एका निवृत्त टूल-अँड-डाय मेकरला. दंतवैद्य त्याला विचारल्याशिवाय ड्रिलला हात लावत नाही. मला तिथे तीन वर्षं झाल्यावर गन एकट्याने वापरायची परवानगी मिळाली. ऑफिसात माझ्या हाताखाली चाळीस माणसं आहेत, हे तिथे कुणी विचारलंही नाही.

आणि आपल्याला विमानांचा अभिमान किती! शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 साली गिरगाव चौपाटीवर, राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, वैमानिकाशिवाय विमान उडवलं, असा लेख याच स्मरणिकेत मी निदान तीनदा वाचला. त्या उड्डाणाचा भक्कम पुरावा आजवर कुणी पुढे ठेवलेला नाही. ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाचा दाखला अशा लेखांत हटकून येतो, तो बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी 1974 साली तपासला. त्यांचा निष्कर्ष असा की ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत. पण ते बाजूला ठेवू. तळपद्यांनी काहीतरी बांधायला घेतलं असेल, तर त्यांनी लाकूड तासलं असणार, गाठी मारल्या असणार, बोटं कापून घेतली असणार. तीन लेखांत मिळून त्याबद्दल एक वाक्य नाही. आपल्याला त्यांचं उड्डाण हवं आहे, त्यांची पटाशी नको. कॅप्टन अमोल यादव यांनी तर आपल्या काळात, कांदिवलीला चारकोपमधल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान बांधलं. 2016 च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, 2017 मध्ये त्याची डीजीसीएकडे नोंदणी झाली. ती बातमी मला मंडळाच्या अकरा जणांनी फॉरवर्ड केली. त्या अकरांपैकी एकानेही हँगरचा दरवाजा पाहिलेला नाही.

आपली सहल डेटनला जाते. एअर फोर्सचं संग्रहालय बघतो, राइट बंधूंसमोर फोटो काढतो. त्यांच्या 1903 च्या विमानाचं इंजिन कुणी बनवलं हे सहलीत कधी कुणी विचारलेलं मला आठवत नाही. चार्ली टेलर, त्यांच्या सायकलच्या दुकानातला मेकॅनिक. सुमारे सहा आठवड्यांत, लेथ आणि ड्रिल एवढ्यावर. राइट बंधूंपैकी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. आपल्या मंडळात त्या तिघांना 'कुठल्या कंपनीत?' या पहिल्या प्रश्नालाच कोपऱ्यात उभं राहावं लागलं असतं.

इतका वेळ तुमच्यावर बोट रोखलं, आता घरचं सांगतो.

माझे बाबा एस.टी.च्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये बॉडी सेक्शनला एकतीस वर्षं होते. ज्या लाल डब्यांतून आपण सगळे मामाच्या गावाला गेलो, त्यांचे पत्रे जोडायचे. मला लहानपणी एकदाही वर्कशॉपमध्ये नेलं नाही. "तू हात काळे करू नकोस," एवढंच. 2022 च्या उन्हाळ्यात ते आमच्याकडे आले होते, वय शहात्तर. घरात बसून कंटाळले म्हणून हँगरमध्ये घेऊन गेलो. धडाचा पत्रा बोटाने चाचपत म्हणाले, "ही भोकं कुणी पाडली?"

"कंपनीतूनच पाडून येतात, बाबा."

"मग तुम्ही काय करता?"

मी गन चालवायला लागलो. ते डोळे मिटून उभे. थोड्या वेळाने म्हणाले, "थांब. हे बसलं नाही. आवाज ऐक ना." आम्ही आतून मोजलं. रिबिटाचं ठोकून झालेलं डोकं व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच हवं, हे भरत नव्हतं. त्या दिवशी त्यांनी माझी अकरा रिबिटं नापास केली. ती मी ड्रिलने काढली आणि पुन्हा मारली. पुढचे चार शनिवार ठोकळा त्यांनी धरला. त्याला ते डॉली म्हणतात. टूल-अँड-डाय मेकरचं आणि त्यांचं संभाषण 'गुड' आणि 'नो गुड' या दोन शब्दांत चालायचं आणि दुपारी दोघं एका बाकावर बसून थालीपीठ खायचे. आमच्या बांधणीच्या नोंदवहीत त्या चार शनिवारांपुढे बाबांचं नाव आहे.

ते सांगवीला परत गेल्यावर चुलतभावाचा फोन आला. "काका सोसायटीत सांगतायत, तू विमान कंपनीला सल्ला देतोस म्हणून." मी बाबांना विचारलं, असं का सांगितलंत? पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "अरे, मुलगा अमेरिकेत जाऊन रिबिटं मारतो असं सांगू का लोकांना?"

त्यांच्यावर रागवायचा मला अधिकार नाही. 2021 मध्ये मी माइकवरून तुमच्या मुलांना बोलावत होतो तेव्हा माझा स्वतःचा मुलगा सातवीत होता आणि शनिवारी सकाळी गणिताच्या क्लासला जात होता. क्लास मीच लावला होता. "एवढं वर्ष होऊ दे," असं मी चार वर्षं म्हणत आलो. परवा तो विचारत होता, "बाबा, कॉलेजच्या निबंधात आपल्या विमानाबद्दल लिहू का?" मी म्हटलं, "तू त्यात एक तरी रिबिट मारलंस का?" तो म्हणाला, "तुम्ही कधी नेलंत?"

क्लबने दुसऱ्या किटची शेपूट मागवली आहे. खोकं जानेवारीच्या पहिल्या शनिवारी सकाळी आठला उघडायचं आहे. एकेक भाग यादीशी ताडून बघायचा असतो, त्याला माणसं लागतात. बंद बूट हवेत, लांब केस बांधलेले हवेत, हँगर थंडगार असतो तेव्हा स्वेटर आणा. कॉफी तिथली वाईट आहे, चहाचा थर्मास मी आणतो. पालकांनाही काम मिळेल. व्हॉलंटिअर अवर्स मिळणार नाहीत. ती बरगडी हेरणारी मुलगी आता बारावीत आहे आणि स्वतः गाडी चालवते, तिला मी निरोप पाठवला आहे. माझा मुलगा येतो म्हणाला आहे. बघू.