साडेसतरा हजारांचा उंबरठा

उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर जिल्ह्याच्या एका खेड्यातील मजुराच्या मुलाला जून २०२४ मध्ये धनबादच्या आयआयटीत विद्युत अभियांत्रिकीची जागा मिळाली. ती निश्चित करण्यासाठी २४ जूनच्या सायंकाळी पाचपर्यंत १७,५०० रुपये भरावयाचे होते. वडिलांची मजुरी दिवसाला ४५० रुपये. म्हणजे ही रक्कम जवळपास चाळीस दिवसांची कमाई. गावातून उसनवारी करून पैसे जमेपर्यंत अखेरची काही मिनिटेच उरली, आणि संकेतस्थळ बंद झाले. जेईई अॅडव्हान्स्डसाठी दोनच संधी मिळतात. त्याची ती दुसरी होती.

अनुसूचित जाती आयोग, मद्रास उच्च न्यायालय असे उंबरठे झिजवीत हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. आठवणीचे संदेश मोबाइलवर पाठविले होते, असा बचाव प्रवेशयंत्रणेने केला. संदेश पोहोचला म्हणजे पैसे पोहोचले, अशीच जणू तिची समजूत असावी! सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी घटनेच्या १४२व्या कलमाखाली त्याला प्रवेश देण्याचा आदेश दिला. मुंबई आयआयटीतील अशाच एका प्रकरणात, कार्डाने रक्कम न गेल्यामुळे हुकलेली जागा नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यायालयालाच परत द्यावी लागली होती. दोन्ही विद्यार्थी दलित होते. मात्र दिल्लीपर्यंत न पोहोचलेल्यांची मोजदाद कोठेच होत नाही.

विशेष म्हणजे, आयआयटीचे वार्षिक शिक्षणशुल्क २०१६ मध्ये ९० हजारांवरून दोन लाखांवर नेताना अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना ते पूर्ण माफ करण्यात आले. परंतु ही माफी दाराच्या आतली आहे. दारावरची रक्कम आधी रोखीने हवी. शिष्यवृत्ती प्रवेशानंतर येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली विनातारण शैक्षणिक कर्जाची केंद्रीय योजनाही प्रवेश मिळालेल्यांसाठीच आहे. राजधानीत बदलून आलेल्या अधिकाऱ्याला मुलाच्या शिक्षणासाठी भविष्य निर्वाह निधीतून अग्रिम उचलता येतो, नाही तर एका दूरध्वनीवर मेहुणा पैसे पाठवितो. वर्गभेद म्हणतात तो हाच, आणि गुणपत्रिकेत तो दिसत नाही.

सरकारी मापातही तो दिसत नाही. २०१९ पासून लागू झालेल्या आर्थिक दुर्बलांच्या आरक्षणाची उत्पन्नमर्यादा आठ लाखांची आहे. महिन्याला साठ-पासष्ट हजार आणणारे घर आणि रोजंदारीवर चालणारे घर तेथे एकाच रांगेत उभे राहतात. गुणवत्ता यादीत कदाचित ते शेजारीही असतील. पण चार दिवसांत रोकड उभी करण्याची वेळ आली की त्यांच्यातील अंतर उघड होते.

जागा अडवून ठेवणाऱ्यांना चाप बसावा म्हणून अनामत हवी, हा प्रवेशयंत्रणेचा युक्तिवाद अगदीच निराधार नाही. परंतु जो विद्यार्थी शुल्कमाफीस पात्र आहे हे यंत्रणेला अर्जावरूनच ठाऊक असते, त्याची जागा पैशाविना तात्पुरती निश्चित करून रक्कम पुढे शिष्यवृत्तीतून वळती करण्यास अडचण कोणती? देशभरच्या आयआयटींचे प्रवेशनियम दरवर्षी नव्याने प्रसिद्ध होतात. त्यात एवढी एक तरतूद घालण्यासाठी संसदेकडे जाण्याची गरज नाही, आणि न्यायालयाच्या पुढील आदेशाची वाट पाहण्याचीही नाही.