उकिरड्याचे पांग

‘बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. मुलांनो, ज्या उकिरड्याविषयी आज मी तुम्हांला सांगणार आहे, त्याला बारा वर्षे थांबण्याचे कारण नाही. तीन-चार महिने पुरेत. मात्र नियमाने त्याची बाजू घेतली पाहिजे, असे माझे मत आहे.

आमचे मावळ म्हणजे पावसाचे माहेर. लोणावळ्यास वर्षाकाठी सरासरीने ४,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. याच मुलखातून १८३० साली बोरघाटाची सडक खुली झाली, १८६३ साली आगगाडी घाट चढली आणि २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. रस्ते हवेत, याविषयी वाद नाही. परंतु रस्त्यासाठी डोंगराची कड कापली, की मातीचा वरचा सुपीक थर नाहीसा होतो आणि उघडा मुरूम उरतो. आषाढाच्या सरी त्यावर कोसळल्या, की तो वाहून जातो, गटारे तुंबतात. आणि तेथे लावलेली रोपे पुढच्या वैशाखात माना टाकतात.

अशा वेळी पुष्कळदा शेतातील पोयट्याची माती विकत आणून तेथे पसरली जाते. इंचभर माती घडावयास निसर्गाला शेकडो वर्षे लागतात. ज्या खाचरात इंद्रायणी तांदूळ पिकतो, त्याचीच कातडी सोलून दुभाजकावरील फुलझाडांखाली घालावी, हे शहाणपण नव्हे. इकडे लोणावळ्याच्या मंडईत, खानावळींत आणि घरोघरी रोज ओला कचरा साठतच असतो. त्याचे कंपोस्ट खत करून ते रस्त्याकडेच्या मातीला का देऊ नये?

ही विद्या काही परकी नाही. आल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२४ ते १९३१ या काळात होळकरांच्या इंदुरात राहून, आपल्या शेतकऱ्यांच्या रीती पाहत, खताची एक पद्धत बसवली. ती आज जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. ओला कचरा, पालापाचोळा, पाणी आणि हवा यांचा मेळ बसला, की सूक्ष्म जीव कामाला लागतात. ढिगाच्या पोटात ५५ अंशांहून अधिक उष्णता होते. तिने तणांचे बी व रोगजंतू मरतात. तयार झालेले खत मातीचे कण एकत्र बांधते, पावसाचे पाणी जिरवते आणि ओल धरून ठेवते.

शाळेत असताना मी मुलांकडून बांधावर दोन वाफे करवून घेतले होते. एकात नुसता मुरूम होता, दुसऱ्यात खत मिसळलेला. दोहोंत एकच गवत पेरले. श्रावणात पहिल्या वाफ्यावर ओघळी पडल्या होत्या. दुसरा हिरवागार होता. त्या दिवशी मला फळ्यावर काही लिहावे लागले नाही.

कोणी म्हणेल, ‘पैसा कोठून आणावा?’ केंद्र सरकारच्या २०१५ च्या हरित महामार्ग धोरणाने राष्ट्रीय महामार्गांच्या प्रकल्पखर्चातील १ टक्का रक्कम वृक्षारोपणासाठी राखून ठेवली होती. म्हणजे झाडांसाठी पैसा काढता येतो. त्यांच्या मुळांचाही विचार व्हावा, एवढेच मागणे आहे. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. शहरी खतात काचा व प्लास्टिक सापडते. म्हणूनच तपासून घेतलेलेच खत वापरावे, अशी अट हवी. शिवाय खताच्या मर्यादाही ओळखाव्यात. गाडीरस्त्याच्या भरावात ते चालणार नाही, कारण तेथील जमीन खचेल. २०१५ च्या जुलैत आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळली. तसल्या कातळाला लोखंडी जाळ्याच हव्यात. खताची जागा मातीचे उतार, दुभाजक आणि बागा ही होय.

मग सक्ती कशाला? कारण गिऱ्हाईक नसले, की उत्तम खतही पडून राहते. आणि खत पडून राहिले, की कचरा वेगळा करण्याचा उत्साह मावळतो. प्रत्येक सरकारी कामाच्या करारात ‘तालुक्यात तपासलेले कंपोस्ट मिळत असेल, तर तेच वापरावे’ असे एक वाक्य घातले, तर नगरपालिकेला हक्काचे गिऱ्हाईक मिळेल आणि शेतातील माती शेतातच राहील.

या कामाचा आरंभ मात्र तुमच्या घरात आहे. घनकचऱ्याच्या नियमांनी २०१६ सालीच ओला आणि सुका कचरा घरी वेगळा करण्याचे बंधन घातले. केळीची साल आणि चिक्कीचा कागद तुम्ही एकाच डब्यात टाकलात, तर पुढचा कोणताही नियम ते खत शुद्ध करू शकणार नाही. सरकारने करारात ते एक वाक्य घालावे आणि तुम्ही घरात एक डबा वाढवावा. मग आपल्या उकिरड्याचे पांग फिटावयास बारा वर्षे लागणार नाहीत.