उसनी ऊब

आपल्याकडे साप पाळण्याचा प्रश्न कायद्याने केव्हाच निकालात काढला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे नाग, धामण, अजगर घरात ठेवता येत नाहीत. इंग्लंडात मात्र हा सरळ छंद मानला जातो. माझ्या भाचीच्या मुलाने तिथे एक रॉयल पायथन पाळला आहे. मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा लहानसा अजगर भ्याला की अंगाचा चेंडू करून डोके आत लपवतो, म्हणून अमेरिकेत त्याला बॉल पायथन म्हणतात. दोन हिवाळे मी त्याच्या पेटीचा कारभार पाहिला आणि माझे मत पक्के झाले. सापाच्या मालकाची खरी परीक्षा उष्णतामापक घेतो.

सापाला आपण थंड रक्ताचा म्हणतो, ते तितकेसे बरोबर नाही. आपण अन्नाचा मोठा वाटा अंग गरम ठेवण्यात खर्ची घालतो. साप ती ऊब उन्हाकडून, तापल्या दगडाकडून उसनी घेतो. म्हणून तर त्याला आठवड्या-पंधरवड्याला एक उंदीर पुरतो. (आपल्याकडची अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून अंग थरथरवत ऊब निर्माण करते, तो अपवाद.) पण उसनवारीवर जगणाऱ्याला सावकार जवळ लागतो. गारठ्यात त्याचे पचन थांबते, आणि पोटातला उंदीर पचण्याऐवजी कुजून उलटून पडतो.

मग पेटीत नेमके किती तापमान ठेवायचे? नवख्यांना एकच आकडा हवा असतो आणि गोची होते ती तिथेच. पेटीच्या एका टोकाला ३० ते ३२ अंश सेल्सिअस, दुसऱ्या टोकाला २४ ते २६ आणि दोन्हीकडे लपायला एकेक खोपटे, अशी व्यवस्था लागते. खोपटे एकाच बाजूला असले तर भित्रा साप ऊब सोडतो, पण आडोसा सोडत नाही. दोन्हीकडे असले तर जेवल्यावर उबेला, एरवी गारव्याला, हे त्याचे तो ठरवतो. आपण फक्त निवडीला जागा ठेवायची.

ऊब देणारी चटई परस्पर वीजजोडणीला लावणे हा तर गुन्हाच समजावा. मध्ये थर्मोस्टॅट हवाच. तापलेल्या पृष्ठभागावरून साप वेळीच उठेल, असा भरवसा धरता येत नाही. पोट भाजेपर्यंत तो पडून राहू शकतो. आणि तो ओरडत नाही, ही मोठी अडचण. कुत्रे केकाटते, मांजर पाय आपटत निघून जाते. हा बिचारा गप्प.

२०२२ च्या हिवाळ्यात युरोपात विजेची बिले भडकली, तेव्हा भाचीच्या घरची माणसे स्वेटरवर स्वेटर चढवून बसत. पेटीचा काटा मात्र कोणी खाली आणला नाही. मला त्याचे हसू आले नाही. तिथल्या २००६ च्या प्राणिकल्याण कायद्याने पाळलेल्या जीवाच्या गरजा भागवण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे, आणि सापाच्या बाबतीत ऊब ही पहिली गरज.

आपल्याकडे धोका उलट दिशेचा. अंगणात निघालेला साप हल्ली आपण मारत नाही, ही चांगली गोष्ट. पण तो प्लॅस्टिकच्या बरणीत भरला जातो, बरणी मोटारसायकलला लटकते, चौकात फोटो निघतात. एप्रिलच्या उन्हात बंद बरणी पाहता पाहता भट्टी होते आणि चाळिशीपलीकडच्या उष्णतेत बहुतेक साप फार वेळ तगत नाहीत. आत त्याला सरकायला गार कोपराच नसतो. सर्पमित्र येईपर्यंत बरणी सावलीत ठेवावी, झाकणाला भोके आहेत ना ते पाहावे. आणि सर्पमित्राने सापासाठी सुती पिशवी आणली नसेल, तर ती घरातून द्यावी.