बॅग नवऱ्यानेच भरावी

बाळंतपणाची बॅग नवऱ्यानेच भरावी, असं माझं स्पष्ट मत आहे. रात्री दोन वाजता सिस्टर "रक्तगटाचा रिपोर्ट कुठाय?" म्हणून विचारते, तेव्हा कळा सोसणाऱ्या बायकोने "डावीकडच्या कप्प्यात" असं सांगायचं की काय?

रिपोर्ट म्हणजे नुसते कागद नव्हेत, बरं का. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, तर ७२ तासांत आईला अँटी-डी इंजेक्शन द्यावं लागतं. म्हणून फाईल सगळ्यात वर.

दुपटी-लंगोट जुन्या सुती साडीचेच, धुऊन उन्हात वाळवलेले. बाळ येण्याआधी नवं काही घ्यायचं नाही, हा आजीचा नियम इथे सोयीचाच पडतो! बाळ ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आतही येतं, तेव्हा ३५व्यालाच बॅग दाराशी हवी. लॅपटॉप मात्र घरीच. सर्व्हर पडला तर पडू दे.