ठराव पुरे, आता सभासदत्व द्या

वेशीवरून

सुगी आटोपली की बेळगाव तालुक्यात साहित्य संमेलनांचा हंगाम सुरू होतो. कडोली, उचगाव, सांबरा, येळ्ळूर, बेळगुंदी, कुद्रेमानी, खानापूरकडे माचीगड, निपाणीकडे कारदगा. देवळापासून ग्रंथदिंडी निघते, शाळेची मुलं लेझीम खेळतात, बायका दारापुढे सडा-रांगोळी घालून पालखीतल्या पुस्तकांना ओवाळतात. मांडवाचा खर्च वर्गणीतून निघतो, पावती पुस्तक घेऊन तरुण घरोघर फिरतात आणि पाहुण्यांपासून शेवटच्या श्रोत्यापर्यंत सगळ्यांना गावच जेवू घालतं. उद्घाटन, परिसंवाद, कथाकथन, कविसंमेलन अशी सत्रं दिवसभर चालतात. कडोलीत तर हा शिरस्ता जवळपास चार दशकांचा आहे. जिथे सातबारा कन्नडमध्ये मिळतो आणि बसवरचा फलकही कन्नडमध्ये असतो, तिथे हजारभर माणसं शेतातली कामं बाजूला ठेवून मराठी ऐकायला बसतात.

या गावांना अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळात स्थान काय? भाषणांत भरपूर आहे. महामंडळाच्या अखिल भारतीय संमेलनाच्या व्यासपीठावर 'सीमाबांधव' हा शब्द उच्चारला की टाळ्या पडतात. पण महामंडळाच्या घटनेत, बैठकीत, मतदानात सीमाभाग या नावाची जागाच नाही. मला आज याबद्दलच लिहायचं आहे, कारण हा प्रश्न सोडवायला दिल्ली, बेंगळुरू किंवा मुंबईच्या सरकारकडे जावं लागत नाही. तो मराठी माणसांनी आपसांत सोडवायचा आहे.

महामंडळ १९६१ साली स्थापन झालं. तो संस्थांचा संघ आहे, त्यात एकट्यादुकट्या माणसाला थेट सभासद होता येत नाही. चार घटक संस्था हे त्याचे खांब: पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद, नागपूरचा विदर्भ साहित्य संघ, मुंबई मराठी साहित्य संघ आणि मराठवाडा साहित्य परिषद. महामंडळाचं कार्यालय दर तीन वर्षांनी या चौघांकडे आळीपाळीने फिरतं. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांसाठी समाविष्ट आणि संलग्न संस्था आहेत. गोवा, बडोदे, भोपाळ, छत्तीसगड, हैदराबाद इथल्या मराठी संस्था त्या वाटेने महामंडळात आल्या. कर्नाटकातून ही जागा कर्नाटक राज्य मराठी साहित्य परिषदेकडे आहे आणि तिचं ठाणं कलबुर्गीत आहे.

म्हणजे कंग्राळीतल्या, उचगावातल्या किंवा निपाणीतल्या मराठी लेखकाला महामंडळात आपलं म्हणणं पोचवायचं असेल, तर कागदोपत्री वाट कलबुर्गीवरून जाते. बेळगावाहून कलबुर्गी काही पुण्यापेक्षा जवळ नाही. कुणी हौसेने पुण्याच्या परिषदेचा आजीव सभासद होतो, पण तिथे त्याचं मत पुण्याच्या परिषदेतलं मत म्हणून मोजलं जातं. त्याच्या मुलखाचं म्हणून ते कुठेच उमटत नाही.

आता हाच नकाशा इतिहासाशेजारी ठेवून पाहा. बेळगावात अखिल भारतीय संमेलन तीनदा भरलं. १९२९ साली शिवराम महादेव परांजपे अध्यक्ष होते, १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकर आणि २००० साली य. दि. फडके. यांतलं १९४६ चं संमेलन महाराष्ट्राच्या राजकारणालाच वळण देऊन गेलं. १२ मे १९४६ रोजी बेळगावच्या मांडवात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला आणि मराठी बोलणाऱ्या सलग मुलखाचं एक राज्य व्हावं ही मागणी साहित्यिकांनी देशापुढे ठेवली. पुढे जो लढा उभा राहिला, त्याचा पाया इथे घातला गेला.

त्या लढ्यात या मुलखाने काय दिलं हेही सांगायला हवं. १७ जानेवारी १९५६ रोजी बेळगावात गोळीबार झाला. आमच्या कंग्राळी खुर्दचे पैलवान मारुती बेन्नाळकर हुतात्म्यांपैकी एक. निपाणीत कमळाबाई मोहिते गेल्या. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्य पुनर्रचना झाली आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, बिदरकडचा मराठी मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. १९६० साली महाराष्ट्र झाला, तो आम्हाला वगळून. १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला. महाराष्ट्राने तो मान्य केला नाही आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. दावा अजून चालू आहे.

मराठीच्या सगळ्या संस्था एका सुरात सांगतात की १९५६ ची ती रेघ अन्यायाची आहे. संमेलनांतून सीमाप्रश्नाचे ठराव वर्षानुवर्षं होत आले आहेत. आणि त्याच महामंडळाच्या घटनेत आमची जागा ठरते ती नेमकी त्या रेघेने. राज्य कर्नाटक, म्हणून संस्था कर्नाटकची. ज्या रेघेविरुद्ध ठराव करायचा, तीच रेघ आपल्या सभासदवहीत जशीच्या तशी ओढायची, ही विसंगती आहे. ती कुणी मुद्दाम केली असं मी म्हणत नाही. १९६१ नंतर महाराष्ट्राबाहेरच्या संस्था जोडताना राज्य हे एकक सोयीचं वाटलं असणार. पण परमुलखात जाऊन वसलेला मराठी समाज आणि पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच गावात राहिलेला, ज्याच्या डोक्यावरून सीमा सरकली तो मराठी समाज, हे दोन वेगळे आहेत. भोपाळच्या किंवा बडोद्याच्या मराठी माणसाबद्दल मला पूर्ण आदर आहे. मात्र त्याचे प्रश्न आणि येळ्ळूरच्या शेतकऱ्याचे प्रश्न एका मापाने मोजता येणार नाहीत.

कलबुर्गीच्या परिषदेविरुद्ध माझं काहीही म्हणणं नाही. उलट आळंद, बसवकल्याण, भालकी, औराद या पट्ट्यातली मराठी आमच्यापेक्षाही एकाकी आहे. तिकडे बेळगावसारखं मराठी दैनिकांचं बळ नाही. तिथे मराठीचा दिवा लावून ठेवणाऱ्यांचे उपकारच मानले पाहिजेत. त्यांची जागा कमी न करता पश्चिमेकडच्या सीमाभागाला आणखी एक जागा द्यावी, एवढीच मागणी आहे. एका राज्यातून एकच संस्था असा आग्रह धरण्याचं कारण नाही. खुद्द महाराष्ट्रातून चार संस्था आहेतच की! विदर्भ आणि मराठवाडा यांचं वेगळेपण महामंडळाने पहिल्यापासून ओळखलं, म्हणूनच ते राज्यावर न थांबता विभागापर्यंत गेलं. तोच न्याय सीमाभागाला लागू करावा.

असं करता येतं याचे दोन दाखले आहेत. पहिला आपल्याच घरातला. १९०५ साली सुरू झालेल्या अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेची बेळगावात शाखा आहे आणि तिच्या नियामक मंडळावर बेळगावचा प्रतिनिधी निवडून गेलेला आहे. २०१५ साली बेळगावात नाट्य संमेलन झालं, ते या शाखेच्या पायावर. नाट्य परिषदेच्या निवडणुका वादाशिवाय झाल्या असं नाही. पण आजीव सभासद, त्यांची शाखा, शाखेतून मतदार आणि मतदारांतून प्रतिनिधी ही साखळी तिथे आहे. बेळगावच्या नाटकवाल्याला आपला माणूस कुठे बसतो ते ठाऊक असतं. लेखक-वाचकाला तशी जागा ठाऊक नाही, कारण ती नाहीच.

दुसरा दाखला काहींना रुचणार नाही, तरी देतो. बेंगळुरूची कन्नड साहित्य परिषद १९१५ साली स्थापन झाली. तिचे जिल्हा घटक आहेत, तालुका घटक आहेत आणि कर्नाटकाबाहेरच्या कन्नडिगांसाठी 'गडिनाडू घटक', म्हणजे सीमाप्रदेशाचे घटक आहेत. कासरगोड १९५६ साली केरळात गेलं, पण तिथल्या कन्नड माणसाला परिषदेत स्वतःचा घटक आहे, घटकाचा अध्यक्ष आहे. परिषदेचा राज्याध्यक्ष सभासद थेट मतदानाने निवडतात आणि २०२१ च्या निवडणुकीत मतदारांची संख्या तीन लाखांवर होती. आपल्या संमेलनाध्यक्षाची निवडणूक व्हायची तेव्हा मतदार हजाराच्या घरात असत. २०१८ पासून तीही थांबली. अरुणा ढेरे यांच्यापासून संमेलनाध्यक्ष महामंडळ एकमताने ठरवतं आणि नावं सुचवतात त्या त्याच्या संस्था. लेखकांना निवडणुकीच्या धावपळीतून सोडवलं हे चांगलंच झालं. पण त्यामुळे नाव सुचवणाऱ्या संस्थांचं वजन वाढलं. जो भाग संस्थेच्या रूपाने तिथे नाही, त्याला आता साधं नावही सुचवता येत नाही.

कन्नड सक्तीविरुद्ध आम्ही भांडतो आणि भांडत राहू. पण ज्या संघटनेने आपल्या भाषेच्या माणसाला तालुक्यापर्यंत शोधून सभासद करून घेतलं, तिच्याकडून शिकायला लाज वाटू नये.

सभासदत्वाचा एवढा आग्रह कशासाठी, असं कुणी विचारेल. खुर्ची मिळून कविता चांगली होते का? नाही होत. इंदिरा संत बेळगावात राहून लिहीत होत्या आणि साऱ्या महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतलं. निपाणीत पिठाची गिरणी चालवत महादेव मोरे यांनी तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायांचं जगणं मराठी कथेत आणलं. त्यांना कुठल्या मंडळाची शिफारस लागली नाही. मोठी प्रतिभा वाट काढते. पण संघटना प्रतिभावंतांपेक्षा त्यांच्याभोवतीच्या हजारो साध्या माणसांसाठी असते. गावच्या संमेलनात पहिली कविता वाचणारी अकरावीतली मुलगी, मराठी शाळेतले मास्तर, वाचनालयाची चावी सांभाळणारा माणूस, वर्गणी गोळा करणारं युवक मंडळ यांना पुढची पायरी दिसली पाहिजे. आज गावचं संमेलन संपलं की मांडव उतरतो आणि पायरीही तिथेच संपते. महामंडळात जागा असेल, तर इथला कवी अखिल भारतीय कविसंमेलनात कुणाच्या ओळखीने न जाता आपल्या संस्थेच्या शिफारशीने जाईल. सीमाभागातल्या मराठी शाळांवरचा परिसंवाद पुण्यातला वक्ता सोडून इथला शिक्षक मांडेल. संमेलनाच्या स्थळाची चर्चा निघेल तेव्हा बेळगावचं नाव घ्यायला तिथे कुणीतरी बसलेलं असेल. २००० नंतर ते संमेलन इथे आलेलं नाही.

मागणी एका बाजूनेच करून भागणार नाही. आम्हालाही काम आहे आणि ते अवघड आहे. आज प्रत्येक गावचा संघ आपापल्या वेशीत काम करतो. कुठे साहित्य संघ, कुठे अकादमी, कुठे विकास मंडळ. संमेलनाच्या तारखा एकमेकांवर पडतात, पाहुणे तेच तेच फिरतात आणि हिशेब बहुतेक ठिकाणी एका वहीत, एका माणसाच्या भरवशावर असतो. महामंडळाला अशा बारा संस्था घेता येणार नाहीत. त्याला एक नोंदणीकृत संस्था हवी, तिची घटना हवी, सभासदांची नोंद हवी, दरवर्षी तपासलेले हिशेब हवेत आणि ठरल्या मुदतीत निवडणूक हवी. म्हणून बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातल्या ग्रामीण साहित्य संस्थांनी, बेळगावच्या १८४८ पासून चालत आलेल्या सार्वजनिक वाचनालयासारख्या जुन्या संस्थांना बरोबर घेऊन, एक महासंघ उभा करावा. येत्या हंगामात प्रत्येक संमेलनाच्या दारात एक टेबल मांडावं आणि सभासद नोंदवावेत. शुल्क मजुरी करणाऱ्यालाही झेपेल एवढंच असावं. ज्या बायका दिंडीत पुढे असतात, त्यांची नावं वहीतही पुढे असावीत. आणि एक पथ्य कडकपणे पाळावं. सीमालढ्यातले गट-तट, निवडणुकीतली उमेदवारी यांतलं काहीही या वहीत शिरू देऊ नये. लढ्याची संघटना वेगळी आणि साहित्याची वेगळी, तरच दोन्ही टिकतील.

एवढं आम्ही केलं तर महामंडळाला 'घटनेत तरतूद नाही' असं म्हणून दार लावता येणार नाही. घटना बदलता येते. संमेलनाध्यक्षाची वर्षानुवर्षांची निवडणूक पद्धत २०१८ साली बदलली, ती याच महामंडळाने. महाराष्ट्र शासन संमेलनाला आता कोटींच्या घरात अनुदान देतं. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. पैसा आला, मान आला. आता भाषेच्या काठावर उभ्या असलेल्यांना आत घेण्याची वेळ आहे.

सीमाभागाचा ठराव पुढच्या संमेलनातही होईल. त्याला आमचा विरोध नाही, न्यायालयातला दावा संपेपर्यंत तो होत राहावा. पण त्या ठरावाखाली महामंडळाने एक ओळ आपल्यापुरती जोडावी: बेळगाव-निपाणी सीमाभागाची साहित्य संस्था स्वतंत्रपणे समाविष्ट करून घेण्यात येत आहे. या एका ओळीसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही, केंद्राची परवानगी लागत नाही, कर्नाटकाला विचारावं लागत नाही. महामंडळाच्या सभेत हात वर झाले की झालं. आणि तो ठराव मांडायची पाळी येईल तेव्हा टेबलावर ठेवायला आमची सभासदवही तयार असली पाहिजे. कडोली ते कारदगा, सगळ्या संघांच्या पंचांनी यंदाच्या पहिल्या बैठकीत हाच विषय पत्रिकेवर पहिला घ्यावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे.