उरलेले पाणी गढूळ करू नये



यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथातील चौतिसाव्या अध्यायात परमेश्वर धष्टपुष्ट मेंढरांना जाब विचारतो. त्यांनी स्वच्छ पाणी पोटभर प्यायले, याबद्दल दोष नाही. पिऊन झाल्यावर उरलेले पाणी त्यांनी पायांनी गढूळ केले आणि दुबळ्या मेंढरांवर तेच पिण्याची वेळ आणली, हा त्यांचा अपराध. गोव्यातील खाणींविषयी बोलताना हा उतारा आपण समोर ठेवावा, असे आम्हाला वाटते.

सांगे तालुक्यातील साळावली जलाशय पाहा. दक्षिण गोव्याच्या मोठ्या भागाला इथूनच नळाचे पाणी मिळते. मडगाव-वास्कोच्या घरात भात त्याच पाण्यात शिजतो आणि चर्चमध्ये बाप्तिस्म्यालाही तेच लागते. या जलाशयाच्या पाणलोट क्षेत्रात लोह आणि मँगनीजच्या खाणी चालल्या. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की खड्ड्यात साचलेले पाणी उपसून ओहोळात सोडावे लागते. पावसाळ्यात डंपवरची लाल मातीही त्याच वाटेने खाली येते.

हा बारीक गाळ पाण्यात तरंगत राहिला की सूर्यप्रकाश आत पोचत नाही आणि पाणवनस्पतींची वाढ खुंटते. माशांच्या कल्ल्यांवर त्याचा थर बसतो, तळाशी घातलेली अंडी गाडली जातात. तळच्या पाण्यातला प्राणवायू संपला की गाळातले मँगनीज पाण्यात विरघळू लागते. साळावलीच्या पाण्यात ते आढळले आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम मँगनीज स्वीकारार्ह आहे. दुसरा स्रोतच नसेल, तर ०.३ पर्यंत चालते.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१२ मध्ये गोव्यातील खाणी थांबल्या, २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. ट्रक दारात उभे राहिले, बँकांचे हप्ते थकले. ते दुःख खरे आहे. अशी कुटुंबे आपल्यासोबत मिस्सेला बसतात. म्हणून 'खाणी कायमच्या बंद करा' एवढे सांगून आपली सुटका होत नाही. पण 'रोजगार हवा तर गाळ सोसा' हे म्हणणेही आम्हाला मान्य नाही. मजुराच्या भाकरीसाठी ओहोळ लाल होत नाही. उपसलेले पाणी निवळू देण्याचा खर्च वाचवला जातो, म्हणून तो लाल होतो.

लिलावानंतर २०२४ पासून डिचोलीत खाणकाम पुन्हा सुरू झाले आहे. आता मागायचे ते स्पष्ट मागू या. उपसलेले पाणी आधी गाळ बसवण्याच्या तळ्यात थांबावे, मगच ओहोळात जावे. जुन्या डंपवर पावसाआधी बांध आणि झाडे असावीत. पाणीतपासणीचे आकडे दर महिन्याला पंचायतीच्या फलकावर, सर्वांना कळेल अशा भाषेत लागावेत.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये १ सप्टेंबर हा सृष्टीच्या जतनासाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला. त्या दिवशी प्रार्थना अवश्य करू. पण पुढच्या ग्रामसभेत धर्मग्रामातील चार माणसांनी उभे राहून हे आकडे मागितले, तर ती प्रार्थना पूर्ण होईल. मासे ग्रामसभेला येऊ शकत नाहीत. त्यांच्या वतीने बोलण्याचे काम देवाने आपल्यावर सोपवले आहे.